डेटा दिला, पुढची जबाबदारी कोणाची?

संस्थांनी आपापसात डेटा वाटून घ्यावा की नाही, हा वाद आता ठरलेल्या दोन सुरांत चालतो. एका बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक खातं, प्रत्येक रुग्णालय, प्रत्येक बँक आपापल्या माहितीवर बसून आहे; तंत्रज्ञान हाताशी आहे, घोडं अडलंय ते मानसिकतेपाशी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की माहिती एकदा उंबरठ्याबाहेर गेली की तिच्यावर कोणाचाच ताबा उरत नाही, तेव्हा ती न देणंच शहाणपणाचं. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं न बोलता एकमत आहे: डेटा देणं हे एका दिवसात उरकणारं काम आहे. सही झाली, फाइल गेली, विषय संपला. माझा आक्षेप नेमका या गृहीतकावर आहे. दोन संस्थांमधली डेटाची देवघेव वर्षानुवर्षं चालते. तिला रोजचा खर्च असतो, तिच्यात सतत काहीतरी बिघडतं आणि ते निस्तरणारा माणूस दोन्हीकडे नेमलेला असावा लागतो. हा खर्च कोणाच्या खिशातून जाणार आणि बिघडल्यावर उत्तर कोण देणार, हे ठरवल्याशिवाय 'द्या' म्हणणंही बेजबाबदार आहे आणि 'देऊ नका' म्हणणंही.

न देण्याची किंमत आधी मान्य करायला हवी, कारण ती सहसा कोणाच्याच हिशेबात दिसत नाही. 1 डिसेंबर 1974 रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व 92 जण मरण पावले. विमानतळाकडे येण्याची परवानगी मिळाली म्हणजे उंची कमी करायला हरकत नाही, असं वैमानिकांनी धरलं होतं. डोंगरापासून सुरक्षित उंची राखणं वैमानिकांकडे आहे, असं नियंत्रकानं धरलं होतं. त्याआधी सुमारे सहा आठवडे युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच मार्गावर, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावलं होतं. युनायटेडनं आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. ती सूचना दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत पोचण्याची वाटच अस्तित्वात नव्हती. यात कुठलं तंत्रज्ञान कमी पडलं? दोन परिच्छेदांचा मजकूर होता, टपालानंही गेला असता.

या अपघाताचा दाखला देऊन 'सगळं खुलं करा' म्हणणारे पुढची हकीकत मात्र सांगत नाहीत. 1975 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं वैमानिकांकडून अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी मागवायला सुरुवात केली. त्या योजनेवर वैमानिकांचा विश्वास बसला नाही. जो परवाना काढून घेऊ शकतो, त्याच्याच हाती स्वतःची चूक लिहून कोण देईल? 1976 मध्ये हे काम नासाकडे गेलं, कारण नासाला वैमानिकांवर कारवाई करण्याचा अधिकारच नव्हता. व्यवस्था अशी होती: अर्जाच्या पट्टीवर नाव आणि पत्ता लिहायचा, नोंद तपासून झाली की ती पट्टी फाडून, तारखेचा शिक्का मारून, पाठवणाऱ्याला परत द्यायची, उरलेल्या मजकुरातून माणूस ओळखता येईल असे तपशील काढून टाकायचे. प्रसंग घडल्यापासून 10 दिवसांत नोंद पाठवली, चूक जाणूनबुजून केलेली नसली आणि प्रकरण अपघाताचं किंवा गुन्ह्याचं नसलं, तर नियामक सहसा दंड लावत नाही. ही यंत्रणा आजही चालू आहे. वैमानिक तेच होते आणि माहितीही त्याच प्रकारची. फरक पडला तो मध्ये कोण बसलंय, त्याला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे आधी ठरल्यामुळे.

आता 'देऊ नका' म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. नावं काढून टाकली की डेटा निनावी होतो, हा समज पुराव्यानिशी खोटा ठरलेला आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं वगळून संशोधनासाठी उपलब्ध केल्या. संशोधक लटान्या स्वीनी यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली, दोन्ही याद्यांतली जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड ताडून पाहिला आणि राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. 2006 मध्ये नेटफ्लिक्सनं सुमारे 4,80,000 ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण निनावी म्हणून जाहीर केले; अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी ते आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या खुल्या अभिप्रायांशी जुळवून काही ग्राहक ओळखून दाखवले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा बाहेर आला. त्यात गाड्यांचे क्रमांक एमडी5 पद्धतीनं, म्हणजे मजकुराचं ठरावीक लांबीच्या सांकेतिक अक्षरांत रूपांतर करून, झाकले होते. पण असे क्रमांक मुळात मर्यादित साच्यांतलेच असू शकतात. शक्य ते सगळे क्रमांक घेऊन प्रत्येकाचं एमडी5 काढलं की उलटा तक्ता तयार. काही तासांत सगळे क्रमांक उघडे पडले. या तिन्ही ठिकाणी कोणी कुलूप तोडलेलं नाही. समोर ठेवलेला डेटा फक्त शेजारच्या डेटाशी जुळवला.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून निघतं काय? तिन्ही उदाहरणांत डेटाची आख्खी प्रत, ओळीन् ओळ, बाहेर गेली आणि नंतर तिच्याकडे लक्ष ठेवणारं कोणीच नव्हतं. धोका त्या पद्धतीत आहे. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या ओपनसेफली या व्यवस्थेत उलटा मार्ग धरला आहे: रुग्णांच्या नोंदी जिथे आहेत तिथेच राहतात आणि संशोधकाचा प्रोग्रॅम तिकडे जातो. संशोधक बनावट डेटावर प्रोग्रॅम लिहून पाहतो. खऱ्या नोंदींवर तो चालतो तेव्हा त्याच्या हाती फक्त एकत्रित तक्ते येतात, तेही तपासून. आणि कोणी कधी काय चालवलं याची नोंद सार्वजनिक राहते. इथेही गाफील राहून चालत नाही. समजा एका तक्त्यात 50 वर्षांवरचे 112 रुग्ण दिले आणि पुढच्या महिन्याच्या तक्त्यात त्याच गटातले 51 वर्षांवरचे 111. दोन्ही आकडे एकेकटे निरुपद्रवी आहेत, पण वजाबाकी केली की एक माणूस उघडा पडतो. म्हणजे बाहेर जाणारा प्रत्येक तक्ता याआधी काय काय बाहेर गेलंय हे आठवून तपासावा लागतो. हे काम करणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून निघतो, हा प्रश्न कुठल्याच चर्चेत येत नाही.

आणि परवानगी मिळाली म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांसाठी त्याच देशातलं केअर डॉट डेटा प्रकरण पुरेसं आहे. डॉक्टरांकडच्या नोंदी मध्यवर्ती ठिकाणी गोळा करण्याला 2012 च्या कायद्याचा आधार होता. 2014 च्या सुरुवातीला घरोघरी पत्रकं गेली. नोंदी कोण वापरणार, विमा कंपन्यांना मिळणार का, नकार कसा द्यायचा, याची सरळ उत्तरं लोकांना मिळाली नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये योजना थांबवली, जुलै 2016 मध्ये गुंडाळली. कायद्याचा आधार असलेली योजना लोकांच्या अविश्वासानं बुडाली.

'द्या' म्हणणाऱ्यांकडे एक हुकमी उत्तर असतं: एपीआय (दोन संगणक-प्रणालींनी परस्पर माहिती घेण्या-देण्याची ठरलेली वाट) बनवा, प्रमाणित नमुना ठरवा, बाकी आपोआप होईल. नमुना लागतोच, यात वाद नाही. पण तो पुरतो का? 23 सप्टेंबर 1999 रोजी मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान मंगळाजवळ पोचताच नाहीसं झालं. यानाच्या छोट्या धक्क्यांचे आकडे यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या प्रोग्रॅममधून पाउंड-फोर्स सेकंदांत बाहेर पडत होते आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतली प्रणाली ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. फरक 4.45 पटींचा. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा तपशील फार कमी जणांना ठाऊक असतो. दोन संस्थांमधल्या लेखी दस्तऐवजात न्यूटन-सेकंद हेच एकक ठरलेलं होतं! प्रमाण होतं, कागद होता. फाइल त्या कागदाबरहुकूम आहे का, हे पूर्ण साखळी चालवून कोणी पाहिलं नव्हतं. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने तर त्या फाइलच्या रचनेतच चुका असल्यामुळे ती वापरलीच गेली नाही. पुढे मार्ग-निश्चिती करणाऱ्यांना आकड्यांत काहीतरी खटकलं, पण ती शंका ईमेल आणि तोंडी बोलण्यातच फिरत राहिली. अडचण रीतसर नोंदवायची जी पद्धत होती तिच्यात ती गेलीच नाही. नमुना ठरवणं हे पहिलं दहा टक्के काम आहे, असं माझं मत आहे. उरलेलं काम आलेली फाइल रोज पडताळण्याचं आणि खटकलेलं योग्य माणसापर्यंत नेण्याचं.

2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये हेच वेगळ्या रूपात घडलं. प्रयोगशाळांकडून आलेले करोना चाचण्यांचे निकाल सार्वजनिक आरोग्य संस्थेनं एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले. त्या साच्यात 65,536 ओळींपलीकडे काही मावत नाही. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या, त्यामुळे साचा सुमारे 1,400 रुग्णांतच भरला आणि पुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित आकडेवारीतून आणि संपर्क शोधणाऱ्यांच्या यादीतून सुटले. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. त्या दिवसांत या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना कोणीच सावध केलं नाही. उपाय काय होता? प्रत्येक फाइलसोबत एक छोटी नियंत्रण-फाइल: किती ओळी पाठवल्या, रकमेच्या किंवा संख्येच्या एखाद्या रकान्याची बेरीज किती, फाइल कोणत्या क्षणी तयार झाली. घेणाऱ्यानं आपल्याकडे उतरलेल्या ओळी मोजायच्या. आकडा जुळला नाही तर आख्खी फाइल परत. निम्मी स्वीकारून पुढे जायचं नाही. बँकांत ही शिस्त संगणकाच्याही आधीपासून आहे. ती सगळीकडे का नाही? कारण फाइल परत आली की ती पुन्हा पाठवणं हे कोणाचंतरी काम असावं लागतं.

फाइल उघडली की आत काय सापडतं, हे वाद घालणाऱ्या प्रत्येकानं एकदा जवळून पाहावं. शून्यानं सुरू होणाऱ्या कोडमधला शून्य एक्सेलनं खाल्लेला असतो, त्यामुळे 00417 चा 417 होतो आणि दुसरीकडच्या यादीशी जुळत नाही. 16 अंकी क्रमांकाचे पहिले 15 अंक टिकतात, शेवटच्याचा शून्य होतो. 03/04/2021 ही तारीख मार्चमधली की एप्रिलमधली, हे पाठवणाऱ्या देशावर अवलंबून. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जानेवारीला जन्मलेले लोक अचानक भरमसाट, कारण फक्त वर्ष माहीत असलं की कारकून 01/01 टाकतो. वय 999, म्हणजे 'माहीत नाही'. सरासरी काढणाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. रक्तातल्या साखरेचा आकडा एका प्रयोगशाळेकडून 99 येतो, दुसरीकडून 5.5, दोन्ही तेच सांगतात, एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये, मधला गुणक 18. मूत्रपिंडांच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि मायक्रोमोल प्रति लिटर यांच्यातला गुणक 88.4. एककाचा रकानाच नसेल तर हा घोळ आकडे बघून काही वेळा कळतो, काही वेळा कळत नाही. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं तर 2020 मध्ये जनुकांची नावंच बदलली, कारण एसईपीटी1 आणि एमएआरसीएच1 या नावांची एक्सेल तारीख करून टाकत होतं. आख्ख्या विज्ञानशाखेनं एका सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे हात टेकले, इतका हा त्रास खरा आहे.

याच्याही पुढची अडचण दोन याद्या जोडण्याची. दोन्हीकडे समान ओळखक्रमांक नसेल तर नाव, जन्मतारीख, पत्ता यांवरून ठरवावं लागतं, की हा माणूस तोच आहे का. या कामाचं गणित इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या संख्याशास्त्रज्ञांनी 1969 मध्येच मांडलं: दुर्मिळ आडनाव जुळलं तर जास्त वजन, सर्रास आढळणारं जुळलं तर कमी, लिंग जुळलं तर जेमतेम काहीच नाही. सगळ्या वजनांची बेरीज एका मर्यादेवर गेली की जोडी पक्की, दुसऱ्या मर्यादेखाली आली की जोडी नाहीच, मधलं माणसानं डोळ्यांनी पाहायचं. आता ही मर्यादा कुठे ठेवायची? वर ठेवली तर खऱ्या जोड्या सुटतात, खाली आणली तर दोन वेगळी माणसं एक होतात. रुग्णालयात दुसऱ्याची ॲलर्जी तुमच्या नावावर चढणं आणि सर्वेक्षणात एखादी जोडी चुकणं, या दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून ही मर्यादा संगणक विभागानं गुपचूप ठरवायची गोष्ट नाही. चुकीचे परिणाम ज्याला निस्तरावे लागणार त्यानं ती ठरवायला हवी. सगळीकडे एकच ओळखक्रमांक वापरा म्हणजे ही कटकट मिटेल, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. जोडणं सोपं होईल, पण ज्यांनी जोडू नये त्यांच्यासाठीही ते तितकंच सोपं होईल.

मग दुरुस्त्या. मूळ संस्थेनं एखादी नोंद सुधारली किंवा रद्द केली, तर घेणाऱ्याकडची प्रत कशी सुधारणार? रोज पूर्ण प्रत पाठवली तर काय गळलं ते तुलना करून कळतं, पण फाइली अवाढव्य होतात. फक्त बदल पाठवले तर रद्द झालेल्या नोंदीसाठी 'ही रद्द' अशी स्वतंत्र ओळ पाठवावी लागते. ती पाठवायचं राहिलं, की गेलेला माणूस दुसरीकडे जिवंत राहतो आणि फेडलेलं कर्ज थकीत दिसतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याचं कलम 19 सांगतं, की दुरुस्ती किंवा पुसण्याची खबर ज्यांना ज्यांना डेटा दिला त्या प्रत्येकाला द्या. नियम उत्तम आहे. पण आपण कोणाकोणाला दिला, याची यादीच ज्या संस्थेकडे नाही ती काय करणार?

आता किंमत आणि लाभ. देवघेवीत कष्ट देणाऱ्याच्या वाट्याला येतात आणि फळ घेणाऱ्याच्या. हा तोल सावरल्याशिवाय कुठलीही व्यवस्था टिकलेली नाही. अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांना हे एकोणिसाव्या शतकात उमगलं होतं. वारे आणि प्रवाह दाखवणारे त्यांचे नकाशे 1847 पासून निघू लागले. जो कप्तान ठरलेल्या नमुन्यात आपल्या सफरीच्या नोंदी भरून देईल, त्याला ते नकाशे फुकट. 1853 मध्ये ब्रसेल्सला दहा देशांनी एकत्र बसून जहाजावरच्या नोंदींचा समान नमुना ठरवला, तो या भक्कम पायावर. कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या संस्थांचा नियमही हाच: जी बँक नोंदी देईल तिलाच नोंदी पाहता येतील. उलट जिथे हा तोल बिघडला तिथे काय होतं, ते 2007 मध्ये दिसलं. इंडोनेशियानं बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याला देणं थांबवलं. त्यांच्याच नमुन्यांवरून बनणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. इंडोनेशियावर तेव्हा टीकेची झोड उठली, आणि साथीच्या तोंडावर नमुने रोखणं धोक्याचं होतं हे खरंच. पण गाऱ्हाणं रास्त होतं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य सभेनं जी चौकट मान्य केली तिच्यात नमुने देण्याच्या बरोबरीनं लसीचा वाटा आणि लसउत्पादकांची वार्षिक वर्गणी आली. इतकंच कशाला, 1873 च्या व्हिएन्ना परिषदेपासून एकमेकांना आकडे देत आलेल्या हवामान खात्यांनाही 1995 मध्ये ठराव क्रमांक 40 करावा लागला, कारण काही खाती आकडे विकू पाहत होती. अत्यावश्यक आकडे विनाअट फुकट, बाकीच्यांना अटी लावायची मुभा, असा तो तोडगा. शतकभर चाललेली देवघेवही पुन्हा बसवावी लागते.

एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेल्यानं काय होतं, याचा धडा अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी दिला आहे. 11 सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी दोघांची माहिती सीआयएकडे 2000 च्या जानेवारीतच होती. त्यांची नावं निगराणी यादीत गेली ऑगस्ट 2001 मध्ये. चौकशी आयोगानं 2004 मध्ये बजावलं, की गरजेपुरतंच कळवण्याची रीत सोडा. ती सोडली. परराष्ट्र खात्याचे तारसंदेश असंख्य लोकांना खुल्या असलेल्या जाळ्यावर गेले. कोण किती उतरवून घेतंय यावर पुरेशी नजर नव्हती, आणि 2010 मध्ये एका सैनिकाच्या हातून अडीच लाख संदेश बाहेर पडले. मग दारं पुन्हा बंद. दहा वर्षांत हा लंबक दोन्हीकडे जाऊन आला, आणि कुठल्या पदावरच्या माणसाला कुठल्या कामासाठी कुठली नोंद दिसावी, हा कंटाळवाणा प्रश्न दोन्ही वेळा मागेच राहिला.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत अवघड आक्षेप असा: इतकी शिस्त मागाल तर आणीबाणीत माणसं मरतील. जानेवारी 2020 मध्ये करोना विषाणूचा जनुकीय क्रम चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटानं ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ एडवर्ड होम्स यांच्यामार्फत एका खुल्या संकेतस्थळावर टाकला, त्यासाठी कुठलाही करार झाला नाही, आणि लसीचं काम काही दिवसांत सुरू झालं. त्या वेळी करारांची वाट पाहणं चूक ठरलं असतं, हे निर्विवाद. पण तो क्रम जगभर लगेच वापरता का आला? कारण 1996 मध्ये बर्म्युडाला मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी एक हजार अक्षरांहून लांब क्रम 24 तासांत खुला करायचं ठरवलं होतं. कारण तो लिहायचा नमुना ठरलेला होता, त्याचा अर्थ प्रत्येक प्रयोगशाळेत तोच होता आणि त्यात कुठल्या माणसाचं खासगी काही नव्हतं. शिस्त आधीच्या पंचवीस वर्षांत झाली होती. त्याच साथीत मृत्यूंचे आकडे घ्या. ऑगस्ट 2020 मध्ये इंग्लंडनं व्याख्या बदलली, चाचणीनंतर 28 दिवसांच्या आत झालेलेच मृत्यू धरायचं ठरवलं, आणि ब्रिटनच्या एकूण आकड्यातून एका दिवसात पाच हजारांहून अधिक मृत्यू कमी झाले. हे आकडे इतर देशांच्या आकड्यांशेजारी मांडून वृत्तपत्रं रोज क्रमवाऱ्या छापत होती. देवघेव वेगानंच चालली होती, पण प्रत्येक देशाचा आकडा वेगळ्या गोष्टीचा होता.

लहान संस्थांना हे झेपणार नाही, हाही आक्षेप खरा आहे. त्यांनी मोठ्यांची नक्कल करू नये. साठ रकाने देण्याऐवजी पाच द्यावेत. जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा, आणि जिथे 'हा माणूस सज्ञान आहे का' एवढाच प्रश्न आहे तिथे नोंद न देता 'हो' किंवा 'नाही' द्यावं. जितके रकाने कमी, तितके सांभाळायचे अर्थ कमी, चुकायच्या जागा कमी आणि चोरण्यासारखंही कमी. मागणारे नेहमी 'पुढे लागेल' म्हणून सगळे रकाने मागतात. तिथे 'कशासाठी' हे विचारायची हिंमत देणाऱ्यात हवी, आणि उत्तर लेखी हवं. स्पर्धकांमध्ये देवघेव असेल तर हे आणखी जपावं लागतं, कारण पुढच्या किमती एकमेकांना कळवणं हा अनेक देशांत कायदेभंग ठरू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी दोन संस्थांच्या डेटा-कराराची घोषणा करेल, तेव्हा तिच्यातला मसुदा मागावा आणि काही गोष्टी शोधाव्यात. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहिलंय का? रकाना बदलायचा असेल तर किती दिवस आधी कळवायचं, आणि तोवर जुना नमुना सोबत चालू ठेवायचा का? आकडा खटकला तर कोणत्या पदावरच्या माणसाला, कुठे कळवायचं, आणि किती वेळात उत्तर मिळेल? पुढे तिसऱ्याला देता येईल का? या सगळ्यासाठी दोन्हीकडे वर्षाची तरतूद आहे का, की कोणाच्यातरी रोजच्या कामाला हे काम चिकटवलं आहे? आणि सहसा कोरं राहणारं कलम: देवघेव संपेल तेव्हा काय? मुख्य सर्व्हरवरची प्रत पुसणं सोपं असतं. राखीव साठ्यातल्या प्रती महिनोन् महिने राहतात, विश्लेषकांच्या संगणकांवर तुकडे राहतात, त्या डेटावरून बनलेले तक्ते आणि प्रोग्रॅम तर पुढेही वापरात राहतात. यातलं काय पुसायचं, काय ठेवायचं, पुसल्याचा दाखला कोणी सही करून द्यायचा, हे पहिली फाइल जाण्याआधीच लिहून घ्यावं लागतं, कारण नातं तुटण्याच्या वेळी दोन्ही बाजूंचे ठरवणारे लोक बहुधा दुसरीकडे गेलेले असतात.